सत्काराले उत्तर

पयोष्णी विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचं टेबल इतकं लांब आहे, इतकं लांब आहे, की कुलगुरूनं आपल्या टोकाकडून सरकवलेली फाईल दुसऱ्या टोकाले पोचेपर्यंत मधातला एखादा सदस्य रिटायर होऊन जाते. अन् एसी असा, की मे महिन्यात अमरावतीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेले चिकटून राहिलेलं असते, तवा आत बसलेल्या माणसाइच्या मिशीवर दव पडते. विद्यापीठात काय उघडायचं, काय बंद करायचं, कोणाले नेमायचं अन् कोणाले घरी धाडायचं, सारं या टेबलावर ठरते.

त्या टेबलाच्या पार शेवटच्या खुर्चीवर जमुनाबाई बसे. अकोल्याची बाई, जठारपेठेत राहणारी. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, बोटाले ॲसिडचे डाग पडले ते अजून गेले नाहीत. रिटायर झाल्यावर कोणाच्या तरी मनात आलं की परिषदेवर अकोल्याचं एखादं माणूस पाहिजे, अन् एखादी बाईही पाहिजे. एकाच खुर्चीत दोन्ही कामं होतात म्हणून जमुनाबाईले बोलावलं.

या परिषदेची एक गंमत होती. तिथं आजपर्यंत कोणी कशालेच विरोध केला नव्हता. बाहेरच्या लोकाइले वाटे, कुलगुरूचा धाक असन. धाक कायचा घेऊन बसले! डॉ. गजेंद्र सोनटक्के म्हणजे लोण्यासारखा माणूस. आवाज चढवणं त्याले माहीतच नव्हतं. त्याच्याजवळ शाली होत्या.

विद्यापीठाच्या मांगच्या अंगाले एक खोली होती. तिचं दार उघडलं की आधी शाली अंगावर कोसळत, मंग नारळ गडगडत येत. शिपाई हेल्मेट घालून दार उघडे. एखादा सदस्य उद्याच्या बैठकीत नाही म्हणणार आहे, अशी नुसती कुणकुण लागली की त्याचा सत्कार निघे. कारण कोणतंही चाले. साठी झाली, नातू झाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, कौंडण्यपूरच्या जत्रेले जाऊन सुखरूप परत आला. आता तुमीच सांगा, ज्यानं आत्ताच आपल्या खांद्यावर शाल टाकली, वाकून पाया पडला, चार लोकात आपले गोडवे गायले, त्याले लगेच उठून नाही कसं म्हणायचं? आपल्या इकडं माणूस एवढा बेमुर्वत नसते.

सूर्यभानजीचंच घ्या. दर्यापूरकडचा रगेल गडी. परीक्षेच्या फीवरून कुलगुरूले आडवा घेतो, उभा घेतो, असं मोटारीत बसल्यापासून सांगत आला. त्या दिवशी त्याच्या गळ्यात असा हार घातला, की तो धरून आणायलेच माणसं लागले. मान खाली गेली ती गेली. तवापासून सूर्यभानजीची मान खालीवर हालते, अन् हालतच राहते. परिषदेत दर विषयाले तिचा होकार धरतात. घरी बायकोनं इचारलं, वांगे करू का, तरी हालते. बिचाऱ्याले वांगे बिलकुल आवडत नाहीत.

जमुनाबाई हे सारं पाहून होती. दुसऱ्याइच्या सत्काराले तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या, अन् घरी येऊन एकटीच हसली होती.

यंदा मात्र हसायसारखं नव्हतं. बैठकीच्या सात नंबरच्या विषयावर लिहून आलं होतं, 'अकोला उपकेंद्र अमरावतीच्या मुख्य केंद्रात विलीन करणे.' विलीन म्हणजे बंद. 

हे उपकेंद्र म्हणजे मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहराच्या तोंडाशी, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची इमारत. तिथं एम.एस्सी. केमिस्ट्रीचे वर्ग चालत. जमुनाबाईनंच उभे केले होते, बरण्या-नळ्या मागून आणून. शिकायले येणाऱ्या बहुतेक पोट्ट्याच. घरून पायी येत, पायी जात, म्हणून घरचे धाडत. अमरावती म्हटलं की अंधारात निघा, अंधारात परत या. त्याले कोणाच्या घरचे हो म्हणत नव्हते. साऱ्या जागा खुशालरावच्या नव्या कॉलेजात जाणार आहेत, हेही साऱ्याइले माहीत होतं. खुशालराव परिषदेचा सगळ्यात जुना सदस्य. अमरावतीत त्याचे इतके कॉलेज, की त्याले स्वतःले पत्ता इचारत जावं लागे.

पण नियमात एक फट राहून गेली होती. केंद्र बंद करायचं तर परिषदेचं एकमत पाहिजे. एका सदस्यानंही विरोधात हात वर केला, की विषय चौकशी समितीकडे जाते. अन् समितीकडे गेलेला विषय परत यायले किती वर्षं लागतात, ते कोणी पाहायले जिवंत राहत नाही. तेवढ्यात शिकून राहिलेल्या पोट्ट्या डिग्री घेऊन मोकळ्या झाल्या असत्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी नगमा अन् आरती, दोघी शेवटच्या वर्षाले जाणाऱ्या, जठारपेठेत जमुनाबाईच्या घरी आल्या.

"मॅडम, तुमाले फक्त हात वर करायचा आहे," नगमा म्हणाली. "भाषण-बिषण काही नको."

"पण हात वर होते का तुमचा?" आरतीनं इचारलं. "परवा माळ्यावरचा डबा काढायले मलेच चढवलं स्टुलावर."

"तू चूप बस वं. डब्यासाठी नाही होत. याच्यासाठी होईन," जमुनाबाई म्हणाली.

आरती हसली. नगमा हसली नाही. ती टेबलाच्या कोपऱ्यावरचं सनमायका नखानं उचकटत होती.

"अब्बा म्हणते, अकोल्यात आहे तवरच. सेंटर हललं की बस झालं. खामगाववाले दोनदा येऊन गेले."

"कोण खामगाववाले?"

"रिश्ता घेऊन."

"पोरगा कसा आहे?"

"चांगला आहे, मॅडम. तोच तर वांधा आहे. खराब असता तर अम्मीनंच हाकलला असता."

जमुनाबाईले हसू आलं. ही पोट्टी मोर्णेच्या पाण्यावर काम करून राहिली होती. पुलाखाली उतरून बाटलीत पाणी भरून आणे, अन् त्यात काय काय मिसळलं ते शोधत बसे. वास असा, की बाकीच्या पोट्ट्या नाकाले ओढणी लावून बाहेर पळत. नगमा तिथंच बसून डबा खाये.

"एकच वर्ष राहिलं ना तुवं?"

"एकच."

"जा घरी. अब्बाले सांग, मॅडम नाही म्हणणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जमुनाबाई निघाली. मूर्तिजापूर गेलं तरी ती एकच वाक्य घोकत होती, "माझा विरोध आहे, लिहून घ्या." कधी जोरात म्हणून पाहे, कधी हळू. बाजूच्या माणसानं शेवटी खिडकीची काच बंद केली.

"एवढा विरोध असन तर बंद ठेवतो बाप्पा," तो म्हणाला. "गरम होऊन राहिलं म्हणून उघडली होती."

"तुमाले नाही म्हटलं, दादा."

"मंग कोणाले?"

"कुलगुरूले."

माणसानं तिच्याकडं एकदा पाहिलं, काच पुन्हा उघडली, अन् बडनेऱ्यापर्यंत पार दुसऱ्या अंगाले सरकून बसला.

विद्यापीठात पोचली तर पायरीपासूनच काहीतरी येगळं होतं. रांगोळी काढली होती. रांगोळीत फुलाच्या पाकळ्याइनं नाव लिहिलं होतं. जमुनाबाईनं चष्मा वर केला, खाली केला. नाव तिचंच होतं.

खुशालराव हात जोडून समोर आला. "या, या, जमुनाबाई! अहो, पंच्याहत्तर पूर्ण केले अन् आमाले कळू नाही दिलं? असं असते का कुठं?"

"कोणी सांगतलं तुमाले?"

"चांगली गोष्ट लपत असते का?"

पंच्याहत्तर खरंच झाले होते. मागच्याच महिन्यात. पोरगा बंगलोरले. त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला, तोही गॅसच्या कनेक्शनचं इचारायले. जमुनाबाईनं त्या दिवशी स्वतःसाठी शिरा केला होता, अन् साखर वर्ज्य म्हणून कामवाल्या बाईले देऊन टाकला होता. बस, तेवढाच तो वाढदिवस. म्हणून पाकळ्याइतलं आपलं नाव पाहिलं तवा ती मनात म्हणाली, 'अंगावर शाल येऊन राहिली, सांभाळ,' पण पाय मात्र त्या नावाले वळसा घालून गेले. एकही पाकळी विस्कटू दिली नाही.

सभागृहात सारे उभे राहिले. कुलगुरू स्वतः टेबलाच्या त्या टोकाहून या टोकाले चालत आला. एवढ्या वर्षात तो कोणासाठी एवढा चालला नव्हता. पोचेपर्यंत त्याले दोनदा पाणी प्यावं लागलं.

"आज कामकाजाच्या आधी एक आनंदाचा विषय," तो म्हणाला. "आपल्या सर्वांच्या जमुनाताईंचा अमृतमहोत्सव."

"साहेब, सत्कार-बित्कार नको," जमुनाबाई म्हणाली. "माझं एक काम आहे सात नंबरवर."

"होणार ना, ताई. सगळं होणार. सत्काराला उत्तर द्यायची संधी तुम्हाला आहेच. तेव्हा मोकळेपणानं बोला, हवं तेवढं बोला."

अन् इथंच बाईचं चुकलं. तिले वाटलं, बरं झालं! हेच पाहिजे होतं. मधात कोणी तोडणार नाही, घंटी वाजवणार नाही. सत्काराच्या उत्तरातच केंद्राचं सारं मांडतो, मंग पाहू कोण बंद करते ते. चार लोकात शाल नाकारून वाईटपणा कायले घ्यायचा? अशा इचारानं ती खुर्चीत मांगं टेकून बसली.

मंग भाषणं सुरू झाली. खुशालरावनं सांगतलं की जमुनाबाई म्हणजे अकोल्याची गंगा. कोणी म्हणालं दीपस्तंभ, कोणी म्हणालं वटवृक्ष. एकानं तिले विद्यापीठाची माय म्हटलं, अन् त्याच भरात कुलगुरूले विद्यापीठाचा बाप म्हणून गेला, तवा थोडी चुळबुळ झाली. सूर्यभानजीची मान सारखी हालत होती. खायले उडदाचे गिलावडे आले, दही वरून वेगळं आलं. जमुनाबाईले आपण खोटं ऐकून राहिलो हे समजत होतं. पण खोटं असलं तरी ते आपल्याबद्दल होतं. कान गरम झाले. एसीतही गरम झाले.

शाल आली. श्रीफळ आलं. पुष्पगुच्छ आला, तो एवढा की त्याच्या मांगं बाई दिसेनाशी झाली. वरून काचेत मढवलेलं मानपत्र. भिंतीजवळ विद्यापीठाचा माणूस मोबाईल धरून उभा होता. सत्कार फेसबुकवर लाईव्ह दाखवायची पद्धत होती. कामकाज सुरू झालं की बंद करत.

"आता सत्कारमूर्तींचं मनोगत," कुलगुरू म्हणाला.

जमुनाबाई उठली, सामान खुर्चीवर ठेवलं, अन् बोलली. अशी बोलली बाप्पा, की वर्गातही कधी तशी बोलली नसन. जुन्या शहराच्या पोट्ट्याइचं सांगतलं. घरातल्याइले कॉलेजची फी नाही खुपत, रस्ता खुपते, हे सांगतलं. मोर्णेच्या पुलाखाली बाटली भरणाऱ्या पोट्टीचं सांगतलं. "तुमी केंद्र हलवून नाही राहिले," ती म्हणाली, "तुमी त्या पोट्ट्याइले घरात बसवून राहिले. इमारत तिथंच राहीन. पोट्ट्याच जातीन. माझा याले विरोध आहे. उभी राहून सांगतो, विरोध आहे."

एसीचा आवाज तेवढा ऐकू आला. मंग कुलगुरूनं टाळी वाजवली. खुशालरावनं वाजवली. मंग साऱ्या टेबलानं वाजवली. अशा वाजल्या, की खिडकीच्या काचा हालल्या अन् बाहेरच्या कडुनिंबावरचे बगळे उडून बडनेऱ्याले जाऊन बसले. खुशालरावनं तर रुमालानं डोळे पुसले.

"काय बोलल्या बाई!" तो म्हणे. "आतून बोलल्या. आतून!"

जमुनाबाईनं पदरानं चष्मा पुसला. तिले वाटलं, जिंकलो.

"ताईंच्या भावना आपल्या सर्वांच्याच भावना आहेत," कुलगुरू म्हणाला. "एक सामूहिक फोटो घेऊया. ताई, ते सगळं हातात घ्या. शाल खांद्यावर नीट. मानपत्र समोर दिसू द्या."

सारे तिच्या आजूबाजूले उभे राहिले. एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात मानपत्र, कोपरात नारळ. फोटोवाला एका डोळ्यानं पाहत होता. "मॅडम, हनुवटी थोडी वर. हलू नका. नारळ पडन."

अन् तिच्या बाजूलेच उभा असलेला कुलगुरू, कॅमेऱ्याकडं हसत हसत, ओठ न हालवल्यासारखं बोलला, "वेळ वाचवूया. विषय एक ते सात सर्वांनी वाचलेच आहेत. कुणाचा विरोध असल्यास हात वर करावा."

जमुनाबाईनं ऐकलं. नीट ऐकलं.

नारळ सोडला असता तर हात मोकळा होता. मानपत्र फुटलं असतं तर काय झालं असतं? काचच होती. पण फोटोवाला म्हणाला, "स्माईल," अन् तिच्या मनात आलं, एक मिनिट, एवढा फोटो होऊ दे. पंच्याहत्तर वर्षात असा फोटो निघाला नव्हता. तिनं पोट आत घेतलं. हनुवटी वर केली. हसली.

फ्लॅश पडला.

"एकमताने मंजूर," कुलगुरू म्हणाला.

मंग तिनं घाईघाईनं गुच्छ टाकला, मानपत्र टेबलावर आपटलं, नारळ कुठंतरी खुर्चीखाली गडगडत गेला. हात वर केला. खांदा दुखत होता तरी पार वर केला.

"ताई, काही हवंय? पाणी?"

"सात नंबर. माझा विरोध आहे, लिहून घ्या."

"आता कसं लिहायचं?" खुशालराव म्हणाला, एकदम गोड. "तुमी तर बोलल्या ना बाई मघाशी. साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या."

"मंग त्यात म्हटलं ना मी विरोध आहे!"

"ते मनोगत होतं, ताई," कुलगुरूनं समजावून सांगतलं, लहान लेकराले सांगावं तसं. "मनोगत हे सत्काराचा भाग असतं. ते कामकाजात धरत नाहीत. आजपर्यंत कधी धरलं नाही. आता आठ नंबर चालू आहे, परिसरातल्या मोरांसाठी पाण्याच्या टाक्या. तुमचा हात वर आहे, म्हणजे समर्थन ना? छान. ताईंचं समर्थन आहे, घ्या."

जमुनाबाईनं सूर्यभानजीकडं पाहिलं. मान हालत होती. पण डोळे तिच्यावर होते, अन् ते डोळे हालत नव्हते. तिनं हात खाली घेतला.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं शाल-गुच्छ पाहून तिले खिडकीची जागा करून दिली. "कुठं लग्न होतं का, आई?" तिनं गुच्छ पायाशी ठेवला. पर्समधला मोबाईल सारखा वाजत होता. तिनं काढून पाहिलं. आरतीचा मेसेज, 'मॅडम रडवलं तुमी.' मंग अजून कोणाचा, 'लय भारी, तोडलं मॅडम.' पोट्ट्याइनं लाईव्ह पाहिलं होतं. टाळ्याइपर्यंत. टाळ्या झाल्या अन् ते बंद झालं. त्यानंतरचं त्याइले कसं दिसन?

नगमाचा मेसेज सगळ्यात शेवटी होता. 'अब्बा ने भी देखा. बोले, ऐसी बाई हो तो भेजने में क्या है.'

जमुनाबाईनं मोबाईल पर्समधी टाकला अन् पर्सची चेन लावली. बाहेर काळी वावरं उन्हानं फाटून पडली होती. रस्ताभर ती एकच गोष्ट करत होती, स्वतःले फसवून पाहत होती. म्हातारी झाली, ऐकू नाही आलं, असं सांगू. हात गुंतले होते असं सांगू. कुलगुरूनं डाव केला असं सांगू, तो तर केलाच होता. सारं खरं होतं, अन् काहीच पुरत नव्हतं. कारण ती मधातली गोष्ट, ते हसणं, तिचं तिलेच माहीत होतं.

अकोल्याच्या स्टँडवर पोट्ट्या उभ्या होत्या. आरतीनं गुलाल आणला होता. नगमाच्या हातात जहाँआरानं, तिच्या अम्मीनं, दिलेला शेवयांचा डबा होता. जमुनाबाई पायरी उतरली अन् त्याइनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली.

"काहून मॅडम? साऱ्या विद्यापीठानं वाजवल्या!"

"म्हणूनच म्हणतो. नका वाजवू." तिनं आरतीचा हात धरून खाली केला. "मंजूर झालं. केंद्र बंद झालं."

"असं कसं? तुमी तर उभ्या राहून विरोध आहे म्हटलं. आमी ऐकलं."

"ते सत्काराचं उत्तर होतं. ते धरत नाहीत. धरतात ते मंगचं. हात वर करायचं." तिनं शाल काढून काखेत दाबली. "तवा माझा फोटो काढून राहिले होते. मले ऐकू आलं होतं. मी फोटोसाठी उभी राहिली."

मांगून नागपूरची गाडी हॉर्न मारत आली तवा त्या बाजूले झाल्या. आरतीच्या तोंडात काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. नगमानं शेवयांचा डबा समोर केला.

"अम्मीनं दिला. घ्या. खराब होईन."

बस, एवढंच. अन् दोघी निघून गेल्या. बाकीच्याही गेल्या. गुलालाची पुडी तिथंच बाकड्यावर राहिली.

जमुनाबाई स्वस्थ बसली असं नाही. ती पत्र लिहून थकली, मंत्र्याच्या बंगल्यावर जाऊन बसली, पुढच्या बैठकीत सगळ्याच विषयाले विरोध करतो म्हणाली. पण पुढच्या बैठकीच्या आधीच तिची मुदत संपली, अन् तिच्या जागेवर खुशालरावचा जावई आला. कॉलेज उघडायच्या आधी टेम्पो येऊन प्रयोगशाळेचं सामान घेऊन गेला. बरण्या नीट भरल्या नव्हत्या. पुलावरून जाताना त्याइचा खळखळाट जुन्या शहरात घरोघरी ऐकू आला म्हणतात. आरती जठारपेठेतच एका मेडिकलमधी कामाले उभी राहायले लागली. जमुनाबाई गोळ्या घ्यायले गेली की ती दुसऱ्या गिऱ्हाइकाले पाहे.

एका दुपारी जमुनाबाई जुन्या शहरात नगमाच्या घरी गेली. गल्ली इतकी अरुंद, की समोरून शेळी आली तर माणसाले तिच्याशी बोलून मार्ग ठरवावा लागे. तिचा बाप इनायतुल्ला घराच्या समोरच पत्र्याच्या पेट्या बनवत बसला होता. तिले पाहून हातोडा खाली ठेवला अन् उठला.

"आओ बाईसाब. बैठो, बैठो. धूप मे काहे को निकले?"

"इनायतभाई, मी एक सांगायले आली. नगमाचं नाव अमरावतीत टाका. एसटीनं रोज मी तिच्यासंगं जातो. सकाळी तुमच्या दारातून नेईन, रात्री तुमच्या दारात आणून सोडीन. एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

इनायतुल्लानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या सुजलेल्या पायाकडं पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"आप जाएंगे रोज?"

"जाईन ना."

"पचहत्तर पूरे हो गए ना आपके? हमने वीडियो में देखा." तो खरोखरच काळजीनं बोलून राहिला होता. "और किसी दिन आप बिमार पड़े तो? मैं पेटी छोड़ के जाऊं, के बच्ची अकेली जाए? बोलो."

जमुनाबाईनं पदरानं कपाळाचा घाम पुसला.

"आपने तो बहोत कोशिश करी," तो म्हणाला. "नसीब नही था. हम आपको कुछ नही बोलते. घर में कोई नही बोलता."

नुसतं बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तरी तिले तिथं बसता आलं असतं. तिनं नजर फिरवली. त्याच्या समोर अर्धी झालेली पेटी होती. बाजारात ठेवायच्या पेट्याइपेक्षा मोठी. झाकणावर निळा रंग, त्यावर हातानं काढलेले गुलाब, एक अजून ओलाच होता.

"मोठी ऑर्डर दिसते," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"ऑर्डर नही, बाईसाब. घर की है." इनायतुल्लानं ओल्या गुलाबावर बसायले आलेली माशी हातानं हाकलली. "खामगाववाले चांद देख के तारीख देंगे बोले."

आतून नगमा बाहेर आली. डोक्यावरून ओढणी, हातात ट्रे. तिनं वाकून ट्रे ठेवला. बोटाइवरचे ॲसिडचे डाग फिके पडले होते, त्याच्यावरून मेंदीची पहिली रेघ कोणीतरी काढून पाहिली होती. जमुनाबाईले इचारायचं होतं, मोर्णेच्या बाटल्या कुठं ठेवल्या, फेकल्या तर नाही ना. पण नगमाच पहिले बोलली, जसं घरी आलेल्या कोणत्याही मोठ्या बाईसंगं बोलतात तसं.

"खाला, साखर किती टाकू?"

वर्गात, घरी, स्टँडवर, कधीच तिनं मॅडमशिवाय हाक मारली नव्हती.

जमुनाबाईले साखर वर्ज्य होती. "टाक तुया मनानं," ती म्हणाली. नगमानं चमचा भरला, ढवळला, कप तिच्या हातात दिला अन् पडद्याआड उभ्या अम्मीकडं निघून गेली. इनायतुल्ला जरा वेळ अदबीनं थांबला. मंग बाई चहा प्यायले लागली असं पाहून त्यानं हातोडा उचलला.